बाटलीवरचं पांढरं कडं

मंगळवार, संध्याकाळी सात. वॉटफर्ड.

काचेच्या बाटल्या परत घेऊन, धुऊन, पुन्हा भरणाऱ्या कंपन्यांची आमची संघटना. युरोपच्या नव्या पॅकेजिंग नियमांत अशा बाटल्यांना जागा मिळावी, म्हणून उद्या ब्रसेल्सला आमचं निवेदन सादर होणार. छापून झालेल्या मुखपृष्ठावर एका बाटलीचा फोटो आणि खाली ओळ: 'ही बाटली कित्येकदा परत आली आहे.' फोटो मी निवडला.

आज ट्रेनमध्ये तो पुन्हा पाहिला आणि चूक दिसली. बाटलीवर पांढरं कडं नाही. धुताना, भरताना बाटल्या एकमेकींवर घासतात आणि खांद्याशी, मानेच्या खाली, पांढरट कडं उमटतं. ही बाटली कोरी आहे! कडं असलेले फोटोही होते की. मला ते कळकट वाटले. जो पुरावा होता तोच बाजूला काढला. इतकी कशी मी मूर्ख?

उद्या समोर एकदा वापरून फेकायच्या बाटल्यावाले बसणार. त्यांना एका नजरेत कळेल. मग आमचं खरं तरी कोण खरं मानेल? आणि माझा व्हिसा याच नोकरीवर.

नवरा म्हणाला, "गप्प बस गं, कोण बघतंय कडं?" पण नाही राहवलं. बॉसला, हेलनला, फोन करून सगळं सांगितलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

तिनं अगदी हळू विचारलं, "हे आणखी कुणाला माहीत आहे?"