डावी घडी

शनिवार, १४ तारीख, दुपार

प्रिय छोटे,

अनेक आशीर्वाद. नको असतील तर घडी घालून बाजूला ठेव, पण पत्र वाच. फोन तू उचलत नाहीस, म्हणून लिहायला बसले.

आई बरी आहे. गुडघा कुरकुरतो आणि त्याच्यापेक्षा ती जास्त कुरकुरते. "छोटी का येत नाही?" म्हणून रोज विचारते. मी सांगते, लॉन्ड्रीच्या दुसऱ्या इमारतीत बदली झालीय, लांब पडतं. बदली का झाली, ते सांगत नाही.

तुझ्या जागी कोणी टिकत नाही. चादरी नुसत्या साठल्यात. धुलाईवाले काका परवा माझ्या तोंडावर म्हणाले, "मुकादमीणबाई, चांगली जमलेली जोडी कोणाच्या डोळ्यांत खुपली हो?" मी म्हटलं, साहेबांना विचारा.

साहेबांना काय विचारायचंय, कपाळ! माझ्याच डोळ्यांत खुपली.

खांदा आखडला, घडीचं टेबल सुटलं, मी मुकादमीण झाले. माझ्या जागी ती शिडी आली. एवढी उंच बाई तुझ्यासमोर उभी बघून पहिल्या दिवशी मला हसूच आलं. म्हटलं, आठ दिवसांत रडत येईल आमची छोटी. तू कुठली येतेस! झटका, दुमड, दोन पावलं पुढे, टोकं हातात. तोंडातून शब्द नाही. आपल्याला जमायला वर्षं लागली, तुमचं तीन महिन्यांत जमलं. त्यात काका म्हणाले, "या दोघी नाहीतच, चार हातांची एकच बाई आहे." अगं, हे तर ते आपल्याबद्दल म्हणायचे! निदान शब्द तरी नवे शोधायचे होते. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. डबासुद्धा तुम्ही दोघी एकत्र खायला लागलात. मी खिडकीशी बसून खायचे आणि तुमचं हसणं ऐकायचे.

त्याच आठवड्यात साहेबांनी सगळ्या जोड्यांवर शेरे मागितले. तुमच्या नावांपुढे मी लिहिलं, "ताळमेळ बसत नाही." माझ्या हातानं लिहिलं. तुला वाटतं बदलीचं साहेबांनी ठरवलं, मी नुसती अडवली नाही. नाही गं. मी ठरवलं.

आता कालचं सांगते. माणसं कमी पडली म्हणून खांदा चोळत मीच शिडीसमोर उभी राहिले. मनात म्हटलं, आता बघतेच हिची उंची. पहिली चादर झटकली, दुमडली, ती पुढे आली आणि टोकं अचूक माझ्या डाव्या हातात! मी डावखुरी. माझ्याबरोबर घडी घालताना सगळं उलट करावं लागतं. लहानपणी आईच्या चादरींच्या घड्या घालताना तू त्यासाठी किती रडली होतीस, आठवतं? शिडी तर उजवी. मी विचारलं, "हे कुठे शिकलात?"

ती म्हणाली, "तुमच्या बहिणीनं शिकवलं. पहिल्याच दिवशी म्हणाली, आपण डावीच घडी घालू. ताईचा खांदा बरा झाला की ती येईल परत, तेव्हा तिला अडायला नको."

मी फडताळाकडे बघितलं. तुमच्या तिथे उरलेल्या सगळ्या चादरींची घडी डावी. तीन महिने समोर होती, पण मी तुमच्याकडे बघत होते, चादरींकडे नाही. मला तिथेच रडू फुटलं. शिडीनं चादरीचं टोक पुढे केलं, डोळे पुसायला.

आज सकाळी साहेबांकडे जाऊन शेरा खोडला. "मग खोटं का लिहिलंत?" म्हणाले. म्हटलं, "जळत होते." मुकादमकी राहील की जाईल, ठाऊक नाही. तू मात्र सोमवारपासून परत टेबलावर आहेस.

आता जळत नाही, असं म्हटलं तर पुन्हा खोटं होईल. जळतेच. तुमचं हसणं ऐकलं की परवाही जळेन. पण लिहिणार काही नाही.

खांदा काही बरा होत नाही, छोटे. डॉक्टरांनी केव्हाच सांगितलंय, मीच तुला बोलले नव्हते. तेव्हा सोमवारी ये, माझ्याशी बोलू नकोस हवं तर, पण शिडीला सांग, आता उजवी घडी घाला. तुम्ही दोघी उजव्या आहात.

तुझी,
डावखुरी ताई