येडशीच्या अलीकडं पाऊण तास

उस्ताद, आज दुपारी एक पांढरी गाडी आली. एसीतून गरम हवा येते म्हणाला गाडीवाला, अन् त्याला सोलापूरला जायची घाई. मी इंजिन चालू ठेवून बोनेट उघडलं आणि तुमच्या पद्धतीनं आधी दोन्ही पायपांना हात लावला. जाड पाइप गार लागायला हवा, बारीक गरम. दोन्ही सारखेच कोमट होते, म्हणजे कॉम्प्रेसर चालूच होत नव्हता. चाची चहा घेऊन आल्या होत्या, त्या नेहमीसारख्या खुर्चीवर टेकल्या आणि गाडीवाल्याला "आमचे हे" म्हणत तुमची गोष्ट सांगू लागल्या. छातीत कळा येत असताना, दवाखान्यात नेत असताना, तुम्ही येडशीच्या अलीकडं गाडी थांबवायला लावली आणि एसी दुरुस्त झाल्यावरच पुढं निघालात, ती गोष्ट. शेवटी माझ्याकडं वळून त्यांनी विचारलं, "व्हय का न्हाय रे?" मी व्हय म्हटलं. अकरा वर्षं मी व्हय म्हणतोय. सुरुवातीला म्हणताना तोंड कोरडं पडायचं, आता आत काही हलत नाही, आणि त्याचंच मला भ्या वाटायला लागलंय.

मी तुमच्याकडं आलो तेव्हा माझी तिशी उलटली होती. बायको, दोन लेकरं, दोन एकर कोरडवाहू, आणि तुम्ही पहिल्या दिवसापासून मला "या जमीनदार" म्हणत होतात. येरमाळ्याच्या हायवेवर तेव्हा एसीत गॅस भरून देणारे पुष्कळ होते, गळती शोधणारे तुम्ही एकटेच. साबणाच्या पाण्याचा डबा घेऊन तुम्ही एकेका जोडावर ब्रश फिरवायचात, बुडबुडा येतो का बघत बसायचात, आणि गिऱ्हाईक घड्याळ बघत येरझाऱ्या घालतंय याचं तुम्हाला काही नसायचं. एकदा मी गळती न बघताच गॅस भरला आणि गार हवा लागल्यावर गिऱ्हाइकाकडं बघून हसलो. गाडी गेल्यावर तुम्ही हात पुसत म्हणालात, "गाडी गार व्हावी असं तुला न्हाय वाटत. तुला शाबासकी पायजे." मला लई राग आला होता. दोन दिवस तुमच्याशी कामापुरतंच बोललो.

त्या दिवशी मे महिन्यातली दुपार होती. चाची कळंबला, लेकीच्या बाळंतपणाला गेलेल्या. तुम्ही स्टुलावर बसलात, पाणी मागितलंत, आणि ग्लास हातातून सुटला. गावातल्या डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, सोलापूरला न्या, कुठं थांबू नका. दारात सकाळीच दुरुस्त केलेली एक गाडी उभी होती. मालकाला फोन केला, तो म्हणाला घेऊन जा. तिचा एसी मी एकट्यानं केला होता आणि तुम्ही जाळीपुढं तळहात धरून "जमलं" म्हणाला होतात. तीन वर्षांत पहिल्यांदा. तुम्हाला मागच्या सीटवर आडवं केलं आणि निघालो. येडशी यायच्या आधीच जाळीतून गरम झळ यायला लागली. मी आरशात बघितलं. तुमचे डोळे उघडे होते. मी गाडी कडेला घेतली, लिंबाखाली, आणि तुम्ही म्हणालात, "राहू दे. काचा खाली कर अन् चल." मी म्हटलं, "दोन मिनटं, उस्ताद."

फ्यूज बघितला, रिले बदलून बघितला, मग वायर धरून पुढं सरकत गेलो. शेवटी प्रेशर स्विचचा प्लग अर्धवट बसलेला सापडला. तो सकाळी मीच लावला होता. नीट दाबला, कॉम्प्रेसर चालू झाला, गार हवा आली, आणि घड्याळात बघितलं तर पाऊण तास गेला होता. तुमचा सदरा भिजून अंगाला चिकटलेला होता. तुळजापूरच्या घाटात मी दोनदा हाक मारली, तुम्ही बोलला नाहीत. सोलापुरात डॉक्टर म्हणाले, "जरा आधी आणलं असतं तर..." आणि तुमच्या तोंडावर चादर ओढली. मी रडलो नाही. बाहेर येऊन गाडी सावलीत लावली.

कुणीतरी रस्त्यावर आपल्याला बघितलं होतं. तिसऱ्या दिवशी चाचींनी विचारलं, "वाटंत थांबला हुता म्हणं?" माझ्या तोंडून निघून गेलं, "उस्तादच म्हणाले, थांब, काय झालंय बघ." चाची रडता रडता हसल्या. "त्येंचं आसंच. जीव जाईना का, गाडी गार पायजे." चाळिसाव्या दिवसापर्यंत ते सगळ्या येरमाळ्याला पाठ झालं. आता लांबून लोक येतात, म्हणतात, तेच का हे दुकान. मी दोनदा चाचींना सांगायला म्हणून गेलो आणि दोन्ही वेळा चहा पिऊन परत आलो. आधी वाटायचं मी स्वतःला वाचवतोय. आता वाटतं, त्यांच्याकडं तुमचं एवढंच उरलंय आणि ते मी खोटं दिलेलं आहे.

पांढऱ्या गाडीचा रिले गेला होता. बदलला, गाडी गेली. हे पत्र चाचींना द्यावं म्हणून लिहायला घेतलं होतं, पण त्यांना वाचता येत नाही, त्यांचे सगळे कागद मीच वाचून दाखवतो, आणि हा वाचायला माझं तोंड उघडणार नाही. तेव्हा हे कुणाकडंच जाणार नाही. तुम्ही चल म्हणालात आणि मी ऐकलं नाही, एवढंच असतं तर कदाचित सांगूनही टाकलं असतं. पण बोनेटमध्ये डोकं घातल्यावर, उस्ताद, तुम्ही मागच्या सीटवर पडलेले आहात हे मी विसरलो होतो. वायर सापडत होती, आणि मला बरं वाटत होतं.