पान एकसष्ट

बुधवार, ३ जानेवारी २००१. सायंकाळी ५ वाजून २० मिनिटे.

वेळ मुद्दाम लिहून ठेवते आहे. पुढे कोणी म्हणायला नको की असं काही घडलंच नाही.

आमच्या धायरीच्या ज्येष्ठ नागरिक संघात एकच कॉम्प्युटर आहे आणि त्याच्या खोलीची किल्ली गोपाळकृष्ण बेहेरे यांच्या जानव्याला आहे. निवृत्त बँक अधिकारी. सभासदांचे ईमेल तेच टाइप करतात, आलेलं उत्तर तेच उघडतात आणि हॉलमध्ये उभं राहून मोठ्यांदा वाचतात. आज माझ्या मैत्रिणीच्या, मंदाकिनीच्या सृष्टीचं उत्तर आलं, न्यू जर्सीहून. 'आई, मी घर सोडलं आहे. महिनाभर वेगळी राहते आहे.' इथवर वाचून बेहेऱ्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं, पुढे वाचू ना? समोर वीस माणसं, हातात चहाचे कप. मंदाकिनी पदराचं टोक गुंडाळत बसली. वर बेहेऱ्यांनी उत्तरात पदरची ओळ घातली: 'जरा समजुतीनं घे.'

मी उभी राहिले. बायकांचे ईमेल बायका बघतील, किल्ली द्या, म्हटलं. बेहेरे हसले आणि कपाटातून एक पुस्तक काढून माझ्या हातात ठेवलं. म्हणाले, अहो सुनीतीताई, कॉम्प्युटर म्हणजे टाइपरायटर नव्हे, आधी हे वाचा.

एकतीस वर्षं मी मॅनेजिंग डायरेक्टरची सेक्रेटरी होते. टाइपरायटरचा उच्चार त्यांनी 'पाटा-वरवंटा' म्हणावं तसा केला.

शेवटी अध्यक्ष रंगराव जगदाळे यांनी मधला मार्ग काढला. ते धायरीचेच, जुने गावकरी, त्यांना भांडण आवडत नाही. ताईंनी पुस्तक वाचावं, ते सभासदांच्या कामाचं हाय का नाय ते सांगावं, आणि अठरा मार्चच्या वर्धापनदिनाला त्याच पुस्तकावरून संघाचं वेबपान करून दाखवावं. जमलं तर किल्ली ताईंची.

मंजूर.

गुरुवार, ४ जानेवारी

पुस्तकाचं नाव 'वेबपान: पहिले धडे'. लेखक श्या. वि. मोघे. श्याम असणार. वय पंचवीस, दाढी वाढलेली, आंघोळीचं पाणी आई काढून देते. प्रकाशक अप्पा बळवंत चौकातले.

पान एक: 'घाबरू नका.' मी घाबरले होते असं यांना कोणी सांगितलं?

पान चार: एचटीएमएल म्हणजे मजकुराला खुणा करण्याची भाषा. कुठे ठळक, कुठे नवा परिच्छेद, ते खुणेनं सांगायचं. म्हणजे साहेबांच्या मजकुरावर मी लाल पेन्सिलीनं करत होते तेच. त्याला मी कधी भाषा म्हटलं नाही.

संकल्प: रोज दहा पानं. जानेवारीअखेर पुस्तक संपवणे. फेब्रुवारी पूर्ण उजळणीसाठी.

सोमवार, ८ जानेवारी

चार दिवसांत सहा पानं. छपाई फार दाट आहे.

शुक्रवार, १२ जानेवारी

स्वाध्याय एक ते सहा वहीत सोडवले. कर्सिव्हमध्ये, समास सोडून. स्वतःला दहापैकी नऊ गुण. एक गुण शाईच्या डागाचा कापला.

आमोदनं वही पाहिली. आमोद म्हणजे माझा मुलगा. सकाळी कंपनीच्या बसनं हिंजवडीला जातो, रात्री परत येतो; मधल्या वेळात काय करतो ते त्याला अजून सांगता आलेलं नाही. घरी कॉम्प्युटर नको म्हणतो, दिवसभर तेच बघतो म्हणे. त्यानं विचारलं, आई, हे कॉम्प्युटरवर कधी करणार? म्हटलं, आधी वही, मग फेअर कॉपी. म्हणाला, हे आता हातानं कोण लिहितं, रविवारी अर्ध्या तासात करून देतो. किती रविवार झाले, बाथरूमचा नळ अजून गळतो आहे.

गुरुवार, १८ जानेवारी

धायरी फाट्यावरच्या सायबर कॅफेत गेले. सोबत मंदाकिनी. एकटीनं जाणं बरं दिसत नाही, आणि तिलाही घरात बसवत नाही.

कॅफे चालवणारी पूर्णिमा यवतमाळची. नवरा चाकणला कारखान्यात. मदत करशील का विचारलं, तर म्हणते, काकू, मला हे काही येत नाही बा, मी तं फक्त टाइम लिहून राहिली. निदान खरं बोलते. बेहेऱ्यांपेक्षा बरी.

मंदाकिनीला शेजारच्या मशीनवर बसवलं. पत्ते खेळत बस म्हटलं. पूर्णिमा तिच्यापाशी बराच वेळ वाकून काहीतरी दाखवत होती. पत्त्यांत एवढं शिकण्यासारखं काय असतं कोण जाणे.

माझं पहिलं पान झालं. त्यावर 'Welcome' एवढं एकाच शब्दाचं काम. पण निळं.

पुस्तकातला एक नियम योग्य आहे: जी खूण उघडली ती बंद करायची. शाळेत आमच्या सिस्टर बर्नाडेट हेच दारांबद्दल सांगायच्या. मोघ्यांनी तो कुठून तरी उचलला असणार.

मंगळवार, ३० जानेवारी. सकाळी ११ वाजून १० मिनिटे.

पान एकसष्ट. शब्दशः उतरवते: 'पानावर फोटो लावणे इतके सोपे आहे, की तुमच्या आजीलाही जमेल!'

उद्गारचिन्हासकट.

हे वाक्य कोणत्या आज्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे, ते मला कळलंच पाहिजे. फोटोची कृती वहीत उतरवून घेतली. मग आक्षेपार्ह वाक्याखाली लाल रेघ मारली, पट्टी लावून पान ब्लेडनं कापलं आणि पुरावा म्हणून पत्राला जोडलं. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत एक चौकट होती. चौकटीत जाहिराती असतात.

प्रकाशकांना लिहिलं: लेखकानं पंधरा दिवसांत लेखी माफी मागावी. रजिस्टर्ड, पोचपावतीसह. मंदाकिनी म्हणाली, अगं, फोन कर ना, एका मिनिटाचं काम. फोनवर बोललेलं फायलीत लावता येतं का?

शनिवार, ३ फेब्रुवारी

पुस्तकाची रचना अत्यंत ढिसाळ. साठाव्या पानावर फोटोची गोष्ट सुरू होते आणि पुढचं पान उघडावं तर लेखक एकदम तक्त्यांवर उडी मारतो. मधे दुवा नाही, काही नाही. माझ्या हाताखाली असता तर मजकूर पुन्हा टाइप करायला लावला असता.

अभिप्रायासाठी टिपून ठेवलं: 'विषयांतर.'

शुक्रवार, १६ फेब्रुवारी

माफीची मुदत परवा संपली. उत्तर नाही. स्मरणपत्र धाडलं.

कार्यकारिणीचे फोटो गोळा झाले. रंगरावांनी फेट्यातला दिला. बेहेऱ्यांनी पासपोर्टचा दिला, त्यात ते पोलिसांना हव्या असलेल्या इसमासारखे दिसतात. तोही लावणार. मी सूडबुद्धीची नाही.

पूर्णिमानं सगळे फोटो स्कॅन करून तिच्या मशीनमध्ये ठेवले. आता पानात फोटोचा पत्ता लिहायचा असतो, म्हणजे फोटो कुठे ठेवला आहे ते मशीनला कळतं. मी पत्ता पूर्ण लिहिला. सी ड्राइव्ह, माय डॉक्युमेंट्स, पूर्णिमा, काकूंचे फोटो, रंगराव. पत्ता अर्धवट लिहिला की पाकीट परत येतं, हे आम्हाला पाचवीत शिकवलं होतं.

दाबलं, आणि रंगराव फेट्यासकट हजर. मंदाकिनीनं टाळ्या वाजवल्या. तिचा चेहरा हल्ली बराच निवळलेला दिसतो. माझ्या सोबतीचा गुण.

सोमवार, ५ मार्च

पान पूर्ण. वर संघाचं नाव, खाली उद्दिष्टं, मग कार्यकारिणी, प्रत्येक नावावर फोटो. सगळं इंग्रजीत. मराठीला वेगळा फॉन्ट लागतो, आणि बेहेऱ्यांना इंग्रजीत एकदा तरी माझ्या हातचं शुद्ध काही वाचू दे.

मंदाकिनीला म्हटलं, अठरा तारखेला किल्ली आली की सृष्टीला पहिलं पत्र तुझं. तू आणि मशीन, दार बंद. ती म्हणाली, अगं, तू एवढा त्रास नको घेऊस. स्वभावच भिडस्त.

सोमवार, १२ मार्च

कार्यकारिणीसाठी अभिप्राय टाइप केला, तीन प्रतींत. सारांश असा:

'सदर पुस्तक सभासदांच्या उपयोगाचे नाही. भाषा उद्धट. रचना तुटक, विशेषतः साठाव्या पानानंतर. लेखकास अनुभव नाही व वडीलधाऱ्यांविषयी आदर नाही. वेबपान तयार झाले ते या पुस्तकामुळे नव्हे, पुस्तक असूनही.'

शेवटचं वाक्य दोनदा वाचून पाहिलं. चांगलं आहे.

शनिवार, १७ मार्च

पान फ्लॉपीवर घेतलं. पूर्णिमा म्हणाली, काकू, ही तं रिकामीच वाटून राहिली, सगळं आलं ना? म्हटलं, नीटनेटक्या कामाला जागा कमी लागते.

आमोद म्हणाला, आई, एकदा दुसऱ्या मशीनवर उघडून बघ. ज्याला स्वतःचा डबा रात्री बॅगेतून काढून सिंकमध्ये ठेवायचं सुचत नाही, त्यानं काय उघडून बघायचं हे मला शिकवू नये.

उद्या नारायणपेठी.

रविवार, १८ मार्च

हॉल भरलेला. बेहेऱ्यांनी किल्ली जानव्यातून सोडून सर्वांसमक्ष टेबलावर ठेवली. कॉम्प्युटर हॉलमध्ये आणला होता. मी आधी अभिप्राय वाचला. 'पुस्तक असूनही' ला लोक हसले. मग फ्लॉपी घातली.

'Welcome' निळं आलं. उद्दिष्टं आली. नावं आली. आणि प्रत्येक नावावर, जिथे फोटो हवा तिथे, एक रिकामी चौकट, चौकटीत लाल फुली. अध्यक्षांवर फुली. चिटणिसांवर फुली. खजिनदारांवर फुली.

रंगराव पुढे वाकून बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, ताई, अजून हाय की मी.

बेहेरे म्हणाले, ताईंनी सबंध कार्यकारिणीवरच फुली मारली.

पहिल्या रांगेपासून मागच्या दारापर्यंत हसले. बेहेऱ्यांनी किल्ली उचलली आणि परत जानव्याला बांधली. घाई केली नाही. दोन गाठी मारल्या.

दोष संघाच्या मशीनचा. कॅफेत रंगराव स्पष्ट दिसत होते, मंदाकिनी साक्षीदार आहे.

सोमवार, १९ मार्च

मंदाकिनी डबा घेऊन आली. साबुदाण्याची खिचडी. मी म्हटलं, तुझ्यासाठी किल्ली आणू शकले नाही. ती म्हणाली, अगं सुनीती, मला किल्ली नकोच आहे. पूर्णिमानं पहिल्याच दिवशी तिला स्वतःचा ईमेलचा पत्ता काढून दिला होता. दहा मिनिटं लागली. तेव्हापासून ती माझ्या शेजारी बसून सृष्टीला लिहिते आहे. सगळं. सृष्टीही सगळं लिहिते. वकील चांगला मिळाला आहे. पोरगी मे महिन्यात घरी येते आहे.

मग मला सांगितलं का नाहीस?

म्हणाली, तू इतकी रंगात आली होतीस. आणि पत्ते खेळत बस म्हणालीस, मी नाही कशी म्हणू?

खिचडी बरी होती. मीठ कमी.

गुरुवार, २२ मार्च

प्रकाशकांकडून पाकीट. आत कापलेलं पान एकसष्ट आणि एक पत्र. अक्षर सुरेख, जुन्या वळणाचं.

'आपली दोन्ही पत्रे मिळाली. आजारपणामुळे उत्तरास उशीर झाला, क्षमस्व. ते वाक्य माझ्या नातवाचे आहे. मी पहिला फोटो लावला तेव्हा तो मला म्हणाला होता. मला गंमत वाटली म्हणून तसेच ठेवले. आपण दुखावलात, तर पुढच्या आवृत्तीत काढीन. आपले पान परत पाठवत आहे, पुढे लागेल. मागची चौकट अवश्य पाहावी. तिथे बहुतेकांची चूक होते. आपली, श्यामला विनायक मोघे. वय वर्षे एकाहत्तर.'

माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी बाई.

डिंक लावून पान जागेवर बसवलं. जरा वाकडं बसलं. मग पान उलटलं. चौकटीत जाहिरात नाही. 'हे विसरू नका: पान दुसऱ्या संगणकावर नेताना फोटोही फ्लॉपीवर सोबत न्यावेत. फोटोचा पूर्ण पत्ता लिहू नये, नुसते नाव लिहावे. नाहीतर दुसरा संगणक फोटो शोधत बसेल आणि त्या जागी लाल फुली दाखवील.'

चार ओळी. सोप्या आहेत. आजीलाही कळतील.

पत्र लगेच लिहायला घेतलं. 'श्रीमती मोघे यांस, आपले पत्र व पान पोचले. आजीविषयीचा आक्षेप मी मागे घेते. परंतु इतका महत्त्वाचा मजकूर पानाच्या मागच्या बाजूस, तोही बारीक टायपात, का छापला, याचा उलगडा आपल्या पत्रातून होत नाही. पुढची बाजू पुराव्यादाखल पाठवणाऱ्या वाचकाने काय करावे, याचा लेखकाने आधीच विचार करायला हवा होता. तरी याबाबतचा समाधानकारक खुलासा शनिवार, ३१ मार्च, सायंकाळी पाचच्या आत माझ्याकडे लेखी पोचावा. फोन करू नये.'