मुरा

५ डिसेंबर २०१८
आज शहापूरच्या बाजारात तृप्ती दिसली! मी शिकवलेल्या चौथीच्या वर्गातली तृप्ती. सतरा वर्षांनी. पोतं अंथरून बसलेली, पुढ्यात मुळ्यांचा ढीग, आणि खणखणीत ओरडत होती — "मुरा घ्या, गोड मुरा!" इकडं मुळ्याला मुराच म्हणतात.
भाजी न घेताच घरी आले.

७ डिसेंबर
लिहूनच टाकते. २००१. शाळेच्या तपासणीला साहेब आलेले. मी तक्त्यावरच्या मुळ्याच्या चित्रावर छडी ठेवली. तृप्ती उठून म्हणाली, "मुरा." साहेब हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.
साहेब गेल्यावर तिला फळ्यापुढे उभं केलं. "मुळा म्हण! ळ! पन्नास वेळा!" तिची जीभ वळेना. पोरं खिदळली. त्या दिवसापासून तिचं नावच मुरा पडलं. मी एकालाही दटावलं नाही. दिवाळीनंतर ती शाळेत आलीच नाही. हजेरीपटावर लाल रेघ ओढली — झालं!
आणि माझी आई? जन्मभर मुराच म्हणाली. डोळ्याला डोरा, काळ्याला कारा. डी.एड.ला असताना मुली मलाही हसायच्या. खोलीचं दार लावून ळ घोटला होता मी. किती लागतं ते मला ठाऊक होतं. तरी!

९ डिसेंबर
शेजारच्या राखीनं मुळ्याची भाजी आणून दिली. वाटी तशीच झाकून ठेवली.

१२ डिसेंबर
गेले. थेट बाजारात, तिच्या पोत्यापुढे. "तृप्ती, ओळखलंस का? मी ललिता मॅडम." ती नुसती बघत राहिली. मी घडाघडा सगळं बोलले — तक्ता, पन्नास वेळा, पोरांचं हसणं. "तुझी शाळा माझ्यामुळं सुटली. मले माफ कर, बाई." मले! आपसूक निघालं तोंडातून.
तिनं तराजू खाली ठेवला. गिऱ्हाईक आलं, कंटाळून गेलं. तिचे डोळे भरले होते. मग म्हणाली, "जाऊ द्या ना मॅडम. कायले रडून राहिल्या? केलं माफ." वर दोन जुड्या माझ्या पिशवीत कोंबल्या.
किती हलकं वाटतंय आज! हे आधीच करायला हवं होतं. दहा वर्षं आधी.

२० डिसेंबर
टिकाराम गुरुजी भेटायला आले. आम्ही एकाच शाळेत होतो. मोठ्या आनंदानं त्यांना सांगितलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.
"मॅडम, ते प्रतीक्षा होय. धाकटी बहीण. तृप्ती तं सिकलसेलच्या आजारानं गेली — अठरा वर्षांची असताना."
मी तिला तृप्ती म्हणून हाक मारली होती. तिनं माझी चूक दुरुस्त केली नाही.