दुसऱ्या भागातल्या प्राण्याची किंकाळी

चि. धाकटीस,

दादाचा आशीर्वाद. तुझा गुडघा काय म्हणतो? मेहुण्यांचा खोकला गेला, की अजून भिंती हलवतो? आणि भिंगरी जेवते ना? (तू लग्नाला आडकाठी घातल्यापासून लेक हसायची थांबलीय, असं ऐकलं.) इकडे तुझ्या वहिनीची कंबर आणि माझी जीभ अजून वळतात.

तुझा हुकूम पोचला. परग्रहावरच्या प्राण्याच्या सिनेमाचा दुसरा भाग लागलाय, त्यात प्राण्याचा आवाज भिंगरीनं पसंत केलेल्या त्या मुलाचा. 'किंचाळणं हा काय धंदा झाला? दादा, बघण्यालायक आहे का तूच बघून सांग, मग ठरवते,' असं तू लिहिलंस. अगं, जन्मभर पुस्तकं बांधली मी. दुसरा खंड एकटाच बांधायला आला की समजावं, पहिला कुणीतरी वाचायला नेऊन बुडवलाय. मीही पहिला भाग न बघताच गेलो. त्यामुळे यानातली माणसं 'पुन्हा तोच!' म्हणून पांढरीफटक पडली, तेव्हा शेजारच्या गृहस्थांना विचारलं, तोच म्हणजे कोण? ते कुजबुजले, "आजोबा, गप्प बसा, तो ऐकतो." (मला वाटलं, थिएटरचा मालक.)

गोष्ट म्हणशील तर कांदा: सोलत जा, आत काही नाही, डोळ्यांत मात्र पाणी. एवढी शिकलेली माणसं, पण अंधारात खरखर झाली की एकेकटी बघायला जाणार. आपल्याकडे मांजरानं भांडं पाडलं तरी दोघं उठतात! शेवटी नायिका त्या प्राण्याला भट्टीत ढकलते आणि तो किंचाळतो. सगळे शहारले, मी मात्र ताठ झालो. त्या किंकाळीच्या शेपटाला चक्क 'आई गं!' होतं. वहिनीला कोपरानं ढोसलं, तर ती डोळे पुसत म्हणाली, "हो, ऐकलं. चटका बसला हो बिचाऱ्याला!"

घरी येऊन भिंगरीकडून नंबर घेतला आणि मुलालाच विचारलं. तो लाजला. "मामा, किंचाळता किंचाळता पायाची करंगळी माइकच्या स्टँडवर आपटली. दिग्दर्शक साहेबांना तीच किंकाळी आवडली, ठेवून दिली."

आता तूच सांग. करंगळी आपटल्यावर तोंडातून जे निघतं, तेच माणसाचं खरं वळण. आमच्या मेहुण्यांच्या तोंडून अशा वेळी काय निघतं, ते या कागदाला सोसवणार नाही. तेव्हा माझा निकाल: सिनेमा बघण्यालायक नाही. मुलगा आहे.

तुझा,
दादा

ता. क. रविवारी त्याला तुमच्याकडे जेवायला यायला सांगून बसलोय. नाही म्हणायचं असेल तर लगेच कळव, हो म्हणायचं असेल तर त्याच्याही आधी.

आणखी ता. क. (वहिनीच्या हातचा) वन्सं, यांनी मध्यंतरानंतर डोळे उघडलेच नाहीत. भट्टी न् नायिका मी कानात सांगितलेली. पण 'आई गं' खरं, ते मीही ऐकलं. उत्तर लवकर टाका आणि गोड टाका. हे दिवा लावून झोपताहेत, डोक्यातून तो प्राणी जाऊन लग्न शिरायला हवं.