मधपेटीतले भुंगेरे आणि कपाटाची किल्ली

१ ऑगस्ट १९७४, अनसिंग
मधपेटीत भुंगेरे निघाले. काळपट, मसुरीएवढे. मेणात अंडी घालतात, अळ्या पोळे नासवतात, मग माशा घर सोडतात. मधमाशीवाले निरीक्षक २१ सप्टेंबरला येणार आहेत. पेटी नांदती दिसली तर 'आदर्श मधपाळ' असे पत्र, नाहीतर त्यांनी दिलेली पेटी परत.
शेजारच्या पुंजाजीला दाखवले. आपल्या शेताच्या धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, पळसाच्या ढोलीतून हे मोहोळ त्यानेच काढून दिलेले. म्हणे, गुर्जी, शनवारच्या शनवारी बुडाची फळी पुसत जा, बाकी काई नाई. बायकोने, विमलनेही, मान डोलावली. बावीस वर्षे संस्कृत शिकवणाऱ्या माणसाने फळी पुसावी! उपाय ठरला: रोज कडुनिंबाची धुरी आणि अकरा वेळा स्तोत्रपठण.

२ ऑगस्ट, सकाळी ६
धुरी. पठण. भुंगेरे मोजले: चौतीस. ते आधीचे असणार.

४ ऑगस्ट
काल नेहमीप्रमाणे एसटीने वाशीमला. साप्ताहिकाचा वार्ताहर म्हणून शनिवारची फेरी चुकत नाही. आज भुंगेरे: नऊ. तिसऱ्याच दिवशी गुण!

११ ऑगस्ट
भुंगेरे दोन. पुंजाजीला सांगितले. तो विमलकडे बघून हसला. अज्ञानी माणूस कुठेही बघून हसतो.

१९ ऑगस्ट
भुंगेरे शून्य. पठण अकरावरून सातवर आणले.
घरात मात्र गळती आहे. करडईचे तेल महिना पुरायचे, ते पंधरा दिवसांत तळाला. चुलीची राख भांडी घासायलाही उरत नाही. माझे जुने धोतर फाडून कोणी चिंधी केली, तिला मधाचा वास! विमलला विचारले. म्हणाली, घरातलं घरातच लागते, बाहीर कोणाले देऊन नाई राह्यली. उत्तर पटले नाही.

२५ ऑगस्ट
लेख पाठवला: 'मधपेटीतील भुंगेरे: एक घरगुती उपाय.' धुरी, पठण, शून्य खर्च. शेवटी लिहिले की स्त्रिया व अडाणी लोक पुसापुशीतच धन्यता मानतात, कारणापर्यंत त्यांची दृष्टी जात नाही. हे वाक्य दोनदा वाचले. चांगले जमले आहे.

३१ ऑगस्ट, पहाटे
तेल पुन्हा कमी. संशय पुंजाजीवर. माणूस तोंडाने गोड, पण मी वाशीमला गेलो की शनिवारी अंगणात असतो, हे समोरच्या चंपाबाईने पाहिले आहे. तेलाचा डबा कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली जानव्याला. राखही घराबाहेर नेऊ नये असे बजावले. विमल म्हणाली, बरं. इतक्या पटकन ती कधीच बरं म्हणत नाही.

८ सप्टेंबर
लेख छापून आला. विमलला मोठ्याने वाचून दाखवला. शेवटच्या वाक्यानंतर ती उठून आत गेली. भारावली असावी.
भुंगेरे: एकोणीस.

१२ सप्टेंबर
त्रेसष्ट. पठण एकवीस. धुरी दोनदा. पोळ्याला आंबूस वास, मेणावर चिकट पाणी. विमलला म्हटले, जरा बघ तरी. म्हणाली, माही दृष्टी तिथवर जात नाई.

१५ सप्टेंबर
मोजता येत नाहीत. पठण एकशे आठ. घसा बसला.

१७ सप्टेंबर, दुपारी
गेल्या. सगळ्या. माझ्या डोळ्यांदेखत एक काळा ढग उठला, कुंपणावरून गेला आणि पुंजाजीच्या अंगणात आडव्या पडलेल्या रांजणात शिरला. पावसाळाभर साखरेचे पाणी पाजले, आणि राहायला त्याच्याकडे!
पुंजाजी म्हणे, गुर्जी, माह्यावर कायले चिडता, म्या काई आवतन धाडलं होतं? जिथं नासलं तिथं माशी नाई थांबत.
विश्वास कोणावर ठेवावा?

२१ सप्टेंबर
निरीक्षक आले. रिकामी पेटी बघून पेन उघडले. मी पठणाचे शास्त्र सांगू लागलो, तेवढ्यात विमल मध्ये बोलली. म्हणाली, साहेब, दर शनवारी फळी पुसायची, फळीवर डब्याच्या झाकणात तेल घालून वर जाळी ठेवायची म्हंजे भुंगेरे बुडून मरतात, पेटीच्या पायाखाली राख. महिन्याभरात एक भुंगेरा राह्यला नव्हता. मंग तेलाले कुलूप लागलं.
पुंजाजी शनिवारी पेटी उचलून धरायला येत असे म्हणे.
मी तिला विचारले, मला का नाही सांगितले? म्हणाली, पह्यल्याच दिवशी सांगतलं, तुमी पंचवीस तारखेले ते अडाण्याची पुसापुशी म्हणून छापाले धाडलं.
माझ्याच घरात, माझ्याच धोतराने माझ्याशी दगा!
निरीक्षकांनी पेटी परत नेली नाही. विमलबाईंच्या नावावर केली. मग विमलने नुसता हात पुढे केला. किल्ली दिली.

२८ सप्टेंबर, शनिवार
पुंजाजीने माशा रांजणातून पेटीत आणून दिल्या. वाशीमची फेरी बंद. बातम्या टपालाने जातील. पुंजाजीने पेटी उचलून धरली, फळी मी पुसली. भुंगेरे: चार. अर्थात पुसताना मी मनातल्या मनात पठण करत होतो.
विमल म्हणाली, ओठ नका हालवू, हात हालवा.