म्हातारा तोंड उघडतो तेव्हा

दि. १४ नोव्हेंबर, सकाळ

ती. ताईस,
धाकट्याचा नमस्कार.

आम्ही इकडे ठीक. तुझं दवाखान्यातलं काम नेहमीसारखंच असेल, म्हणजे पायांना विश्रांती नसेल. हिची पाठ आता बरी आहे. मुलगी नोकरीला लागली आणि पहिल्याच आठवड्यात साहेबाशी भांडून आली, तेव्हा ती तुझ्यावर गेली आहे यात शंका उरली नाही.

मंगळवारी सकाळी मी एक काम केलं. बाबांचं अंग पुसलं, दाढी केली आणि त्यांची खाट खिडकीपासून ओढून दाराकडे तोंड करून लावली. मग त्यांच्यासमोर जमिनीवर बसलो. पण ते नंतर सांगतो. आधी एक गंमत ऐक.

मी कादंबरी लिहिली. हसू नकोस. इतकी वर्षं लोकांची पुस्तकं शिवतो, डिंक लावतो, पुठ्ठे चढवतो. शिवता शिवता वाचतोही. चार पानं भुताची, आठ प्रेमाची, जे हाती येईल ते. मागे एकदा आमच्या हातून घोटाळा झाला होता. एका प्रेमाच्या कादंबरीत मधेच खुनाच्या कादंबरीची सोळा पानं शिवली गेली. एक गृहस्थ पुस्तक घेऊन थेट बांधणीच्या खोलीत आले.

"अहो, बाई चिठ्ठी वाचत बसलीय, पान उलटलं तर मुडदा!"

"चुकलं साहेब. बदलून देतो."

"बदलू नका हो. मुडदा कोणाचा तेवढं सांगा."

आम्ही पोट धरून हसलो. पण माझ्या डोक्यात ते राहिलं. म्हटलं, मुद्दाम असं केलं तर? एकाच पुस्तकात भूत, खून, प्रेम, हसू, सगळंच. पहाटे जप झाला की बाबा उठेपर्यंत लिहायचो. एका घरात एक म्हातारा अंथरुणाला खिळलेला, त्याची सेवा करणारा मुलगा, आणि दूर गेलेली मुलगी. एवढंच सूत धरून त्यात काय काय ओवलं म्हणून सांगू! माळ्यावरची बाई, विहिरीतलं प्रेत, बोलघेवडा न्हावी. लिहिताना फार मजा आली, हे खोटं कशाला सांगू.

आमच्याकडे पुस्तकं बांधायला देतात त्या प्रकाशनाच्या संपादक बाईंनी बाड वाचायला ठेवून घेतलं. गेल्या शनिवारी बोलावलं. खोलीत खुर्चीवरसुद्धा पुस्तकं. ती उचलून खाली ठेवली तेव्हा मला बसायला मिळालं. त्यांनी माझ्या पानांत कागदाचे कपटे घालून ठेवले होते.

"न्हावी छान जमलाय," त्या म्हणाल्या. "पण एक सांगा, हा म्हातारा तोंड उघडतो की तुमचं पुस्तक दुसऱ्या कपाटात का पळतं?"

मला कळलं नाही. त्यांनी एकेक कपटा काढून दाखवला. म्हातारा काहीतरी बोलायला जातो, दिवे जातात, माळ्यावरची बाई हसते. पुन्हा तोंड उघडतो, दारावर फौजदाराची थाप. तिसऱ्यांदा ओठ हलतात, न्हावी वस्तरा घेऊन हजर.

"मिसळायला माझी ना नाही," बाई म्हणाल्या. "पण लोक चव यावी म्हणून मिसळतात, तुम्ही वास झाकायला मिसळलंय. काय म्हणायचंय त्या म्हाताऱ्याला? तुम्हाला ठाऊक नाही, की ठाऊक आहे?"

मी म्हणालो, "बघतो, सुधारतो," आणि बाड काखोटीला मारून जिना उतरलो. कान तापले होते. गावच्या शाळेत गुरुजी माझ्या निबंधावर लाल शाईने लिहायचे, 'विषयाला धरून लिही.' तू ते वाचून मला चिडवायचीस. ताई, मी अजून तोच आहे. बघ, या पत्रातही विषय सोडून दोन पानं झाली.

आता लिहितो.

मागच्या थंडीत बाबांचं अंग लुळं पडलं तेव्हा तुझा फोन आला होता. तू एकच विचारलंस, "माझं नाव काढतात का?" मी म्हणालो, "नाही. कोणाला ओळखतच नाहीत." तू म्हणालीस, "ठीक आहे, मग मी येऊन काय करू?"

बाबांच्या तोंडात दोनच शब्द उरलेत. एक 'नको'. आणि दुसरा 'भिंगरी'.

बाबांशिवाय तुला त्या नावाने कोणी हाक मारत नव्हतं, हे मला माहीत होतं. डॉक्टर म्हणाले होते, असे एकदोन शब्द शिल्लक राहतात, दर वेळी त्यांना अर्थ असतोच असं नाही. ते वाक्य मी घट्ट धरून ठेवलं. पाणी हवं असलं तरी भिंगरी, पाठ दुखली तरी भिंगरी, तेव्हा म्हटलं, नुसता शब्द आहे. पण श्रावणात एकदा त्यांनी डावा हात उचलून आधी एका कानामागून आणि मग दुसऱ्या कानामागून खांद्यापर्यंत ओढला. दोन वेण्या. मग दाराकडे बोट केलं. यापेक्षा स्पष्ट कोणी काय बोलणार? मी म्हणालो, "कळवलंय बाबा. तिला सवड नसते." आणि पंचा पिळायला मोरीत गेलो.

त्यांना वाटतं, तू दगड झालीस. तुला वाटतं, ते. दोघांच्या मध्ये मी बसलेला.

का, ते लिहायला हात जड होतो. सासरचा मार सोसवेना म्हणून तू परत आलीस, आणि बाबांनी तुला उंबऱ्यावरून फिरवलं. "तुम्ही स्वतः बोलवाल तेव्हाच येईन," असं म्हणून तू गेलीस. मी आत उभा होतो, एक शब्द बोललो नाही. मी घरी राहिलो, बाबांचं सगळं केलं. आता त्यांना कुशीवर वळवतो, घास भरवतो, आणि तो गिळून ते दाराकडे बघून तुला हाक मारतात. माझं नाव एकदासुद्धा नाही. जपाला बसलो की मणी सरकत राहतात आणि मनात हेच, की करायचं मी आणि आठवायची ती. पन्नाशीला आलेला माणूस, देवाचं नाव घेणारा, आणि बहिणीचा मत्सर करतो. लिहितानाही मान वर होत नाही.

तर मंगळवारी त्यांच्यासमोर बसलो आणि म्हणालो, "बाबा, ताईला मी सांगितलंच नाही. तुम्ही बोलावताय हे तिला माहीतच नाही."

त्यांचा डावा हात पुढे आला. वाटलं, मारतील. त्यांनी माझा कान धरला, लहानपणी धरायचे तसा. पिळायला जोर नव्हता, नुसता धरून ठेवला. आणि म्हणाले, "भिंगरी." या वेळी दाराकडे नाही, माझ्याकडे बघून. म्हणजे, जा.

तरी चार दिवस गेले. फोन हातात घ्यायचो आणि तिकडून तुझा आवाज येण्याआधीच इकडच्या तिकडच्या कोणत्या बातमीने सुरुवात करावी ते जुळवायला लागायचो. मग फोन ठेवला. ते बाड पुठ्ठ्यांच्या ढिगाखाली आहे; त्याचं काय करायचं ते पुढे बघू.

एवढं घरी लिहिलं होतं. पुढचं तुझ्या जिन्यावर बसून लिहितो आहे, म्हणून अक्षर वाकडं. बाबांजवळ ही आहे. खाली भाड्याची गाडी उभी आहे. वरून तुझ्या घरातला नळ ऐकू येतो आहे. तोंडाने सांगायला गेलो तर मी पुन्हा एखादं भूत आणीन, तेव्हा हे दाराखालून सरकवतो आणि मग घंटा वाजवतो. चल, असं म्हणायचा हक्क मला नाही. दार उघडलं नाहीस तरी समजेन. पण निरोप माझ्यापाशी अडकला होता, तो पोचवायला आलो आहे.

ताई, बाबांनी तुला बोलावलं आहे.

तुझ्या दाराबाहेर उभा,
धाकटा